रुपयाचं रूप आणि गल्ल्याचा कौल

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर १० मधली रिझर्व्ह बँकेची इमारत नवी मुंबईकराला बाहेरून पाठ असते, आतून क्वचित. कोकण भवनात दाखल्याला आलेली माणसं तिच्यावरून जातात, स्टेशनकडून येणारे तिच्या कुंपणाच्या कडेने चालतात. पण बँक म्हटल्यावर पासबुक घेऊन जायचं जे ठिकाण डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. इथे नोटा येतात आणि इथून जातात. देशभरात रिझर्व्ह बँकेची नोटा वितरित करणारी १९ कार्यालयं आहेत. त्यांतली तीन महाराष्ट्रात आहेत : मुंबई, नागपूर आणि बेलापूर. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर त्या यादीत नाहीत, बेलापूर आहे. शहराच्या वयाच्या मानाने हा मान मोठा आहे, आणि शहराला त्याची फारशी जाणीव नाही.

ती जाणीव २०२३ च्या ऑक्टोबरात थोड्या दिवसांसाठी झाली. दोन हजारांची नोट चलनातून काढायचा निर्णय रिझर्व्ह बँकेने १९ मे रोजी जाहीर केला. साध्या बँकांत ती भरायची किंवा बदलायची मुदत आधी ३० सप्टेंबर होती, मग ७ ऑक्टोबर झाली. त्यानंतर ज्यांच्या कपाटात, देवघरात, आजीच्या ट्रंकेत एखादी गुलाबी नोट सापडली, त्यांच्यापुढे ही १९ दारं उरली किंवा पोस्ट. पनवेल-उरणच्या माणसाला जवळचं दार बेलापूरचं. एका वेळी २० हजारांपर्यंत बदलून मिळत होते.

त्या नोटेचं आयुष्य जेमतेम साडेसहा वर्षांचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा तिच्या पाठीवर मंगळयान होतं, अंगावर आंधळ्यांसाठी उठावाच्या सात तिरप्या रेघा होत्या, रंग असा की पाकिटातून डोकावली तरी ओळखावी. रचनेच्या हिशेबाने ती काही वाईट नोट नव्हती. पण भाजीवाल्याने, रिक्षावाल्याने, वाण्याने तिला पहिल्या दिवसापासून नापास केलं होतं, कारण तिचे सुट्टे द्यायचे कुठून? आधीच्या हजाराच्या जागी थेट दुप्पट आकडा आणि खालची पाचशेची नोट अजून छापखान्यात. पुढे छपाईही थांबली. सरकारी कागदावर ती २०२३ मध्ये गेली. गल्ल्यावरून ती केव्हाच गेली होती.

पैशाचं रूप ठरवायचं एक घर कायद्याने नेमून दिलेलं आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे नोटेची रचना, आकार आणि कागद बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करतं. ते रूप चालणार की नाही याचा कौल मात्र दुसऱ्याच घरी लागतो : लाकडी खणाच्या, चार कप्प्यांच्या, दुकानातल्या गल्ल्यावर. मंजुरी दिल्लीत, कौल इथे. नोटांचं, नाण्यांचं आणि ₹ या चिन्हाचं गेल्या पंधरा वर्षांत जे झालं ते या दोन घरांमधल्या ओढाताणीतून झालं, असं माझं मत आहे, आणि नवी मुंबईत ते जितकं जवळून दिसतं तितकं क्वचितच कुठे.

चिन्हापासून सुरुवात करू. ते जन्मलं खाडीच्या पलीकडे. ऐरोलीचा पूल ओलांडला की जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने पवईला पोचायला फार वेळ लागत नाही (वाहतूक असेल तर लागतो, आणि ती असतेच). तिथे आयआयटीच्या आवारात आयडीसी नावाची डिझाइनची शाळा १९६९ पासून आहे. २००९ च्या मार्चमध्ये अर्थ मंत्रालयाने रुपयासाठी चिन्ह मागवलं. खुली स्पर्धा, अर्जासोबत ५०० रुपये, एका माणसाला जास्तीत जास्त दोन रचना. ३,३३१ प्रवेशिका आल्या. रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यांतून पाच निवडल्या. २०१० च्या फेब्रुवारीत प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पाच्या भाषणात चिन्ह ठरवण्याचा मनोदय सांगितला आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने एकावर शिक्का मारला. जिंकलेले डी. उदय कुमार हे तमिळनाडूतल्या कळ्ळकुरिचीचे, शिक्षणाने आर्किटेक्ट, त्या वेळी आयडीसीत तमिळ लिपीच्या मुद्राक्षरांवर पीएच.डी. करत होते. अडीच लाखांचं बक्षीस मिळालं आणि ते लगेच गुवाहाटीच्या आयआयटीत शिकवायला रुजू झाले.

शेवटच्या पाचांत एक नाव असं होतं की बेलापूरकराने त्यापाशी थांबावं : नोंदिता कोरिया-मेहरोत्रा. आर्किटेक्ट, चार्ल्स कोरियांच्या कन्या. हे शहर खाडीच्या या बाजूला असावं हा प्रस्ताव १९६० च्या दशकाच्या मध्याला प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्या जोडीने मांडणारे कोरिया. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर तिचे मुख्य वास्तुरचनाकार झालेले तेच. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीतून बाहेर पडून रिक्षाने टेकडीच्या बाजूला गेलं की काही मिनिटांत त्यांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज लागतं. १९८० च्या दशकातलं काम. सात-सात घरांचा एक चौक, तसे तीन चौक मिळून मोठा चौक, असं ते वाढत जातं. त्यातला खरा विचार मात्र भूखंडांच्या मापात आहे. सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा, सगळ्यात मोठा ७५ च्या आसपास. उत्पन्नात पाच पट अंतर असलेल्या माणसांना जमिनीत दुप्पटही अंतर द्यायचं नाही, हा त्यामागचा हट्ट. आज त्यातली कितीतरी घरं पाडून तीनमजली झाली आहेत. तोही एक गल्ल्याचाच कौल म्हणायचा. वडिलांनी शहर आखलं, मुलीचं चिन्ह रुपयाच्या दारापर्यंत जाऊन आलं. योगायोगाला फार अर्थ लावू नये, पण नोंद करायला हरकत नाही.

निवडलेलं चिन्ह म्हणजे देवनागरी र, त्याची शिरोरेषा, तिच्या खाली आणखी एक आडवी रेघ. रोमन वाचणाऱ्याला त्यात उभा दांडा काढून टाकलेला आर दिसावा, ही दुसरी बाजू. दोन रेघांमधली मोकळी जागा तिरंग्याची आठवण करून देते आणि त्या दोन रेघा गणितातलं बरोबरचं चिन्हही होतात, असं उदय कुमारांनी सांगितलेलं. तिरंग्याचं मला कधी दिसलं नाही. बरोबरचं चिन्ह दिसतं. पण ते चिन्ह रुजलं ते या दोहोंमुळे नव्हे. रुजलं ते हातामुळे. ज्याने शाळेत र गिरवला आहे त्याला नवीन काही शिकावं लागत नाही. एक जास्तीची रेघ मारली की झालं. युरोचं चिन्ह आजही आपल्यातल्या कित्येकांना एका दमात काढता येत नाही. वाशीच्या भाजीबाजारात खडूने भाव लिहिणारा पोऱ्या ₹ कसा काढतो ते पाहावं : आधी वरच्या दोन रेघा झर्रझर्र, मग र चा आकडा, मग खालचा पाय पाटीच्या काठापर्यंत ओढलेला. सरकारने चिन्हासोबत चौकटींच्या जाळ्यावर काढलेला नकाशा दिला होता. त्या नकाशात हा लांब पाय नाही. पण वाचणाऱ्याला कधी अडचण आली नाही.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी लिहिलं की रुपया डॉलर, पौंड, येन आणि युरोच्या पंगतीला बसला, स्वतःचं चिन्ह असलेलं पाचवं चलन झाला. हे सरकारी निवेदनातून आलेलं आणि चुकीचं. कोरियाच्या वॉनला, इस्रायलच्या शेकेलला, नायजेरियाच्या नायराला, थायलंडच्या बाहतला आणि शेजारच्या बांगलादेशी टाक्यालाही चिन्ह होतंच. पंगत मोठी होती आणि पुढे वाढत गेली : तुर्की लिरा २०१२ मध्ये, रशियाचा रुबल २०१३ मध्ये, सौदी रियाल आणि अमिरातींचा दिरहम २०२५ मध्ये. आखातातून नवी मुंबईत पैसे पाठवणाऱ्यांच्या पावतीवर आता दोन्ही बाजूंना चिन्ह येऊ लागलंय.

चिन्हाच्या निवडप्रक्रियेवर दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. आणि देवनागरीचा र रुपयाच्या चिन्हात का, हा प्रश्न पंधरा वर्षांनी पुन्हा उभा राहिला. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ काढून तमिळ रू घातला. चिन्ह काढणारा तमिळ लिपीचा अभ्यासक, त्याचे वडील द्रमुकचे माजी आमदार, आणि चिन्ह बाजूला ठेवणारं सरकारही द्रमुकचं. आपण मराठी माणसं या वादात फुकटचे लाभार्थी. लिपी आपलीही असल्यामुळे आपल्याला कधी विचारावंच लागलं नाही की हा र कोणाचा. हे सोयीचं आहे, म्हणून ते न्याय्य आहे असं नव्हे. रोमन आरची सोय ठेवून चिन्हाने ती तक्रार थोडी बोथट केली, मिटवली नाही.

पाटीवर जितकं सहज, तितकंच ते संगणकावर सुरुवातीला अवघड. चिन्ह जाहीर झालं तेव्हा ते कुठल्याच कळफलकावर नव्हतं. मंगळुरूच्या फोरॅडियन या कंपनीने काही दिवसांत एक फाँट काढून फुकट वाटला. त्यात ₹ बसवला होता टॅबच्या वरच्या कळीवर, जिथे ` ही तिरकी टिकली असते. आपल्या संगणकावर सगळं छान दिसायचं. फाइल दुसऱ्याकडे गेली, त्याच्याकडे तो फाँट नसला, की ₹ चा पुन्हा ` व्हायचा. त्या काळातली कितीतरी कोटेशनं, निविदा, सोसायटीची बिलं, लग्नाच्या हॉलची दरपत्रकं अशी छापली गेली की रकमेआधी एक तिरकी टिकली, मग आकडा. मी तर मोठ्या जाहिरातींतही ती पाहिली आहे. युनिकोडने ऑक्टोबर २०१० मध्ये चिन्हाला जागा दिली, २०११ मध्ये विंडोजसाठी अपडेट आलं, आणि मग हळूहळू टिकली गेली. जुन्या फाइली उघडल्या तर अजून भेटते.

संगणकावर देवनागरी नीट दिसावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांतलं एक नाव याच पवईशी जोडलेलं : र. कृ. जोशी. कोल्हापूरचे, कवी, सुलेखनकार, १९८३ ते १९९६ आयडीसीत शिक्षक. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं जी देवनागरी आपण वाचली, तो मंगल फाँट त्यांचा. २००८ च्या फेब्रुवारीत ते गेले, म्हणजे स्पर्धा जाहीर होण्याच्या वर्षभर आधी. रुपयाच्या चिन्हाचा र त्यांनी काढला नाही. पण ज्या घरात भारतीय अक्षर हा डिझाइनचा गंभीर विषय आहे असं मानलं जात होतं, ते घर उभं करण्यात त्यांचा हात होता, आणि उदय कुमारांचा प्रबंध त्याच घरातला.

आता नाणं. जुलै २०११ पासून नवीन नाण्यांवर ₹ आला आणि त्यातून दहाच्या नाण्याची गंमत सुरू झाली. गंमत म्हणायची ती आता. तेव्हा लोक हमरीतुमरीवर यायचे. चिन्ह असलेलं नाणं खरं की नसलेलं? वरच्या किरणांची संख्या दहा की पंधरा? कोणी तरी व्हॉट्सॲपवर टाकलं की एक प्रकार नकली आहे, आणि मग रिक्षावाला घेईना, पानवाला घेईना, किराणावाला गल्ल्यात टाकीना. नोव्हेंबर २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं की ₹ असलेली आणि नसलेली दोन्ही नाणी चालू आहेत. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा : दहाच्या नाण्याच्या आजवर १४ रचना निघाल्या आहेत आणि चौदाही ग्राह्य आहेत.

इथे दोष नुसता अफवेचा नाही. एकाच किमतीच्या नाण्याच्या चौदा रचना काढणाऱ्याने अफवेला जमीन नांगरून ठेवली होती. प्रत्येक स्मरणार्थ नाण्यामागे सरकारी खात्याचं काही ना काही निमित्त असतं. पण गल्ल्यावर बसलेल्या बाईला दिवसाला शेकडो नाणी नजरेच्या एका फटक्यात ओळखायची असतात. चिन्ह जे देशाच्या अभिमानासाठी आलं, ते तिच्या हातात खऱ्याखोट्याची खूण होऊन बसलं. टाकसाळीने नाण्यावर खरी खूण ठेवलेली असते ती वेगळी : मुंबईच्या टाकसाळीत पाडलेल्या नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नोएडाच्या ठिपका, कोलकात्याच्या काहीच नाही. पण भिंग घेऊन कोणी भाजी विकत नाही. दहाचं नाणं नाकारण्याची खोड काही ठिकाणी अजून गेलेली नाही.

२०१९ मध्ये आलेलं वीसचं नाणं मात्र शहाणपणाचं. बारा बाजूंचं, २७ मिलिमीटर. खिशात हात घातला की कोपरे लागतात. त्या मालिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची मदत होती आणि अंधांना चाचपून ओळखता यावं हा हेतू उघड होता.

चाचपून ओळखण्याची गोष्ट नोटांत फार बिनसली. जुन्या महात्मा गांधी मालिकेतल्या शंभराच्या नोटेची रुंदी ७३ मिलिमीटर, पाचशेची ७३, हजाराची ७३. लांबी मात्र ठळक वेगळी, १५७, १६७, १७७. दहा-दहा मिलिमीटरचा फरक बोटाला कळतो. नवीन मालिकेत रुंदी ६६ वर आली आणि लांबीतला फरक आटला : शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार-चार मिलिमीटर. आपल्याला डोळे असल्यामुळे जांभळी, पिवळी, राखाडी अशी ती लगेच कळते. ज्याला नाहीत त्याला उठावाच्या खुणांवर विसंबावं लागतं : शंभराला त्रिकोण आणि चार तिरप्या रेघा, पाचशेला वर्तुळ आणि पाच, दोनशेला चार रेघांमध्ये दोन ठिपके. कोऱ्या नोटेवर अंगठा फिरवा, रेघा खरखरीत लागतात. भाजीबाजारातून महिनाभर फिरून आलेल्या, घामाने मऊ झालेल्या नोटेवर फिरवा. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था याच तक्रारीसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारलं की नोटांची रूपं सारखी बदलता कशाला. जानेवारी २०२० मध्ये बँकेने मणी नावाचं मोबाइल ॲप काढलं. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं. सोय आहे, नाही असं नाही. पण बेस्ट किंवा एनएमएमटीच्या गर्दीत, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने नोट आणि मोबाइल सांभाळायचा कसा हे ॲप सांगत नाही.

तोच आकार २०१६ च्या नोव्हेंबरात सगळ्या देशाला नडला. एटीएमच्या आतल्या पेट्या जुन्या मापाच्या होत्या. नवी नोट छापून तयार असली तरी यंत्र ती मोजून बाहेर ढकलायला तयार नव्हतं; सुमारे दोन लाख यंत्रं एकेक करून उघडून, पेट्या नव्या मापाला बसवाव्या लागल्या. रांगेत उभ्या माणसाला वाटत होतं की नोटा संपल्या. अर्धी अडचण सात मिलिमीटरांची होती. नोटेची रुंदी ठरवणाऱ्या बैठकीत एटीएम भरणाऱ्या गाडीवरचा एखादा माणूस बसवला असता, तर कदाचित काही आठवडे वाचले असते.

इतकं बोलून झाल्यावर नोटेकडे जरा प्रेमानेही पाहू. शंभराची नोट उलटी करा, डाव्या बाजूला भाषांची पट्टी आहे. पंधरा भाषा, इंग्रजी नावांच्या क्रमाने : असमिया सगळ्यात वर, उर्दू सगळ्यात खाली. सात ओळी मोजा, आठवी ‘शंभर रुपये’. वर सात, खाली सात, मराठी बरोबर मधोमध. दोन ओळी वर कोकणी आहे, तीही देवनागरीत. हे वर्णमालेने दिलेलं स्थान, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, पण बघायला बरं वाटतं.

चित्रांत महाराष्ट्राचा वाटा किती? आजच्या मालिकेत वीसची हिरवट-पिवळी नोट आपली : मागे वेरूळची लेणी. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या नोटा निघाल्या त्यांत बसलेल्या गांधींच्या मागे सेवाग्रामचा आश्रम होता, आणि भारतीय नोटेवर गांधी पहिल्यांदा आले ते असे वर्ध्याच्या कुटीसह. गेटवे ऑफ इंडिया होतं पाच हजारांच्या नोटेवर. ती १९५४ ची, जानेवारी १९७८ मध्ये रद्द झाली, आणि सामान्य माणसाने ती पाहिली असण्याची शक्यता कमीच. पण सगळ्यांत जवळची, उरणच्या माणसाची खास, नोट आहे ती एक रुपयाची. तिच्या मागे समुद्रातला तेलाचा मंच आहे, सागर सम्राट. १९७४ मध्ये याच नौकेने बॉम्बे हायमध्ये तेल शोधलं. ते तेल आणि वायू नळांतून किनाऱ्याला आले ते उरणला. ओएनजीसीचा प्रकल्प, गॅसवर चालणारं वीज केंद्र, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या, आंदोलनं, उरणचं सगळं पन्नास वर्षांचं रामायण त्या चित्रामागे आहे. एक रुपयाची नोट २०१५ मध्ये पुन्हा छापायला घेतली तेव्हाही सागर सम्राट तिथेच ठेवला. या नोटेवर गव्हर्नरची सही नसते. ती भारत सरकारची नोट, म्हणून वित्त सचिवांची असते. आता ती चलनात दिसते कुठे? लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर. १०१, ५०१ मधला तो शेवटचा एक. हल्ली पाकिटावर नाणं चिकटवूनच येतं, म्हणून तेही घटलं.

सहीवरून आठवलं. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर याच रायगड जिल्ह्याचा : चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नात्याला, घर रोह्याला. १९४३ ते १९४९ गव्हर्नर. त्यांची सही ज्या नोटांवर आहे त्यांवर चेहरा मात्र सहाव्या जॉर्जचा. इंग्रज राजा वर आणि रोह्याचा देशमुख खाली, असा तो कागद. संग्राहकांच्या बाजारात त्या नोटांना मागणी असते, आणि ज्याला मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे सीडी आठवतात त्याच्यासाठी त्या सहीची किंमत वेगळीच.

छपाईचं घरही आपलंच, नाशिक रोडला. नोटा तिथे छापायला सुरुवात झाली १९२८ मध्ये, पाच रुपयांपासून. त्याआधी त्या विलायतेहून छापून यायच्या. आज चार छापखाने आहेत, नाशिक, देवास, म्हैसूर, सालबोनी.

वाशीच्या बाजारात परत येऊ. मसजिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटचे घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत इथे हलवले गेले आणि त्यांच्यासोबत पैसा लिहिण्याच्या, बोलण्याच्या, लपवण्याच्या सगळ्या पद्धती आल्या. लाखाला पेटी, कोटीला खोका. रकमेपुढे /- ही रेघ, म्हणजे मागे कोणी शून्य जोडू नये. ती आजही पावत्यांवर आहे, आणि मजा म्हणजे पुढे ₹ आणि मागे /- असं दोन्ही लिहितात. नवं आलं म्हणून जुनं कुलूप कोणी काढलं नाही. त्याहून जुनं लेखन वह्यांतून गेलं. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. नुसत्या उभ्या रेघांनी रुपयाचे चार भाग करणारी ती पद्धत १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर हळूहळू संपली, कारण शंभर पैशांच्या रुपयाला दशांश चिन्ह पुरतं. माझ्या मते आपल्याकडे पैशाचं जे सर्वांत सुबक डिझाइन झालं ते हेच, आणि ते कुठल्या समितीने केलं नव्हतं. काही जुन्या पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाच्या वहीत पहिल्या पानावर अजून सव्वा रुपयाची नोंद १। अशीच पडते.

आणि हापूसच्या हंगामात फळबाजारात जो सौदा कुठे कुठे अजून होतो त्यात तर लिहायचंच नसतं. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून, दाबून भाव ठरतो. कोणती बोटं किती, हे त्या दोघांना माहीत. बाजूला उभ्या शेतकऱ्याला नाही. म्हणून या पद्धतीवर शेतकऱ्यांच्या बाजूने वर्षानुवर्षं टीका होत आली आहे, आणि ती रास्त आहे. फळ्यावर ठळक ₹ लिहिलेला भाव हा निदान सगळ्यांना वाचता येतो.

रुमालाच्या दोन पावलांवर क्यूआर कोडची चौकट टांगलेली असते. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्या चौकटीने नोटेच्या डिझाइनचा प्रश्नच बाजूला सारला. तिच्यात गांधी नाहीत, वेरूळ नाही, पंधरा भाषा नाहीत. शेजारच्या डब्यातून आवाज येतो की इतके रुपये मिळाले. अंध दुकानदाराला हा आवाज कोणत्याही उठावाच्या रेघेपेक्षा उपयोगी पडला, हे मान्य करायला हवं. खारघरला रिझर्व्ह बँकेचं डेटा सेंटर आहे. बेलापूरच्या तिजोरीत कागद आणि खारघरच्या यंत्रांत आकडे, अशी एका शहराच्या दोन नोडांत बँकेने आपली दोन रूपं ठेवली आहेत. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सुरू झालेला ई-रुपया हा तिसरा प्रकार. नुसत्या आकड्याऐवजी तो नोटा-नाण्यांच्या किमतींतच दिला जातो : शंभराचा वेगळा, पाचशेचा वेगळा. ज्या पैशाला आकार नाही त्यालाही नोटेचे तुकडे पाडले, कारण लोक पैसा तसाच ओळखतात, असा हिशेब असावा. मला तो पटतो. पण दुकानदाराला यूपीआय आणि ई-रुपया यांत फरक काय, हे अजून कोणी नीट पटवून दिलेलं नाही. चौकट एकच, पैसे आले, संपलं.

कागद मात्र संपायला तयार नाही. फाटकी नोट घेऊन माणसं बँकेच्या खिडकीशी येतातच, आणि तिथे चित्र, रंग, सही कशालाच मोल राहत नाही; उरतं ते क्षेत्रफळ. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा अर्ध्याहून जास्त असला तर पूर्ण पैसे. पन्नास आणि वरच्या नोटेला ८० टक्क्यांहून जास्त भाग असला तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असला तर निम्मे, त्याखाली काही नाही. २०१६ नंतर नोटांची मापं बदलली म्हणून हे तक्तेही २०१८ मध्ये नव्याने काढावे लागले. जुन्या आणि नव्या पाचशेचे चौरस सेंटिमीटर वेगळे. उंदराने कुरतडलेली, धुण्यात निघालेली, मुलाने ओढून दोन केलेली, सगळ्यांना तोच नियम. वाळवीने खाल्लेली गड्डी घेऊन आलेल्याला कारकून तुकडे एकेक करून जुळवायला सांगतो, आणि मग पट्टी लावून मोजतो.